‘नको’ म्हटलं की थांबायचं

गेल्या अंकात वयात येणाऱ्या विशेष मुलींच्या पाळीविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बरीच पत्रं पाळीची नव्हतीच. ती होती स्पर्शाबद्दल, मिठीबद्दल, उघड्या दाराच्या न्हाणीघराबद्दल. म्हणून या वेळचं सदर तेवढ्यावरच. पत्र लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, आमची मुलगी ११ वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम आहे. फार लाघवी. घरी कोणीही आलं की पळत जाऊन मिठी मारते, मांडीवर बसते, पापी घेते. लहानपणी सगळ्यांना कौतुक होतं. आता तिची छाती भरू लागली आहे. परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिनं मिठी मारली, तो बिचारा अवघडला. सासूबाई म्हणतात, देवाचं लेकरू, तिला काय कळतंय. मध्यंतरी शाळेत ‘गुड टच, बॅड टच’चा कार्यक्रम झाला. त्यानंतर आजोबांनी पाठीवरून हात फिरवला तर ही ‘बॅड टच’ म्हणून ओरडली, आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. तिला न घाबरवता कसं शिकवू?
(एक आई, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : नळवाला अवघडला हे तुमचं नशीब. पुढचा अवघडेलच असं नाही, हे तुमच्याही मनात आलं म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत.

तुमची मुलगी जे करते ते आपणच तिला शिकवलेलं आहे. ‘आत्याला पापी दे’, ‘मामांच्या मांडीवर बस’, ‘असं हात काय झटकतेस, त्यांना वाईट वाटतं ना’. विशेष शाळांतही दिवसभर तेच चालतं : हात वर, हात खाली, बाई म्हणतील ते केलं की वहीत चांदणी. सांगितलेलं निमूट ऐकणारं मूल म्हणजे प्रगती झालेलं मूल, असं आपल्या प्रगतिपुस्तकातसुद्धा लिहितात. आणि मग एका पावसाळी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तिला अर्धा तास सांगायचं की मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हण. कुठून म्हणेल? तो शब्द तिनं कधी वापरलेलाच नसतो. वापरला तेव्हा त्याचा काही उपयोग झालेला नसतो.

म्हणून सुरुवात मिठीपासून करू नका, ‘नको’पासून करा. वेणी घालताना ती ‘नको’ म्हणाली की कंगवा खाली ठेवा. मिनिटभरानं पुन्हा विचारा. दोन फ्रॉक पुढे धरा आणि ती नको म्हणेल तो परत कपाटात ठेवा. गुदगुल्या चालल्या असतील आणि हसता हसता ‘नको’ म्हणाली तरी बाबांनी तिथल्या तिथे हात काढायचा. ‘अगं हसतेयस की’ म्हणायचं नाही. औषध, दात घासणं, रस्ता ओलांडताना हात धरणं यांत तिचं ‘नको’ चालणार नाही. ते तिला स्पष्ट सांगा : ‘हे करावंच लागतं, पण मी सांगून करीन.’ ‘करावंच लागतं’ची यादी मात्र छोटी ठेवा. आपण ती फार लांबवतो.

आता आजोबांचं. ती ओरडली तेव्हा त्यांनी हात काढून घेतला का? घेतला असेल, तर त्या कार्यक्रमात शिकली नाही असं काही तरी ती त्या क्षणी शिकली : मी बोलले की माणसं थांबतात. सगळे मिळून ‘अगं, आजोबा आहेत ते!’ म्हणून हसला असाल, तर ती उलटं शिकली. आजोबांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, नातीनं तुमच्यावर आळ घेतला नाही, नवा शब्द तुमच्यावर वापरून पाहिला, कारण तुमच्यावर विश्वास आहे. आणि जेवून घ्या.

तो शब्द चुकीचा शिकवला गेला एवढं खरं. चांगला आणि वाईट स्पर्श हा हिशेब आपल्या मुलांना जमत नाही. इंजेक्शन दुखतं, म्हणजे वाईट? कोणी चॉकलेट देऊन हळुवार कुरवाळलं, छान वाटलं, म्हणजे चांगलं? कसं वाटतं यावर भिस्त ठेवू नका, साधा नियम द्या. चड्डीच्या आतलं अंग आणि छाती खाजगी. तिथे दुसऱ्यानं बघायचं नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि आपणही दुसऱ्याच्या त्या जागेला हात लावायचा नाही. आंघोळीत आई मदत करते. डॉक्टर तपासतात, तेव्हा आई शेजारी असते. बस्स. दुसरा नियम : आपल्या घरात गुपित नसतं. बाबांच्या वाढदिवसाची भेट लपवण्याची गंमतसुद्धा काही वर्षं बंद ठेवा. ‘हे गुपित चालतं, ते चालत नाही’ एवढी बारीक रेघ तिला ओढता येणार नाही.

अवयवांची नावं नीट शिकवा. घरात ‘शूची जागा’ म्हणत असाल तर चालेल, कोणालाही कळतं. चिमणी, फूल, पेरू असली लाडकी नावं मात्र नकोत. ‘त्यांनी माझी चिमणी पकडली’ हे वाक्य बाईंच्या कानावरून सरळ निघून जाईल.

मिठीसाठी जमिनीवर खडूनं एकात एक वर्तुळं काढा. मधे तिचा फोटो. त्याभोवती मिठीचं वर्तुळ : आई, बाबा, आजी, आणि ती स्वतः निवडेल ते. त्यानंतर टाळी द्यायचं वर्तुळ : वर्गमैत्रिणी, बाई, चुलत भावंडं. मग नमस्काराचं : पाहुणे, शेजारी, व्हॅनचा ड्रायव्हर. सर्वांत बाहेर नुसतं बघायचं वर्तुळ, तिथे तुमचा नळवाला. प्रत्येक ठिकाणी माणसाचा फोटोच लावा, नात्यावर विसंबू नका. आपल्याकडे सख्खा काका, व्हॅनवाला आणि वाणी असे सगळेच ‘काका’ असतात, तिनं वेगळे कसे करायचे? रोज संध्याकाळी बेल वाजवून खेळ खेळा : दार उघडायचं, कोण आहे बघायचं, कुठल्या वर्तुळात ते बोट ठेवून दाखवायचं, मग तसं वागायचं. महिने लागतील. आणि हात पसरून येणाऱ्या पाहुण्याला तुम्हीच दारात सांगा, ‘आमच्याकडे आता नमस्कार असतो.’ नणंदा रुसतील. रुसू द्या.

प्रश्न : मी विशेष शाळेत नव्यानं लागले आहे. हा विषय वर्गात घ्यायचा म्हटलं तर काही पालक म्हणतात, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना हे कळत नाही, उलट नको ते सुचेल. काय सांगू?
(एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : अपंगत्व असलेल्या मुलांवरच्या हिंसेबद्दल वेगवेगळ्या देशांत झालेले अभ्यास एकत्र करून २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक आढावा छापून आला. लैंगिक हिंसेचा धोका अशा मुलांना इतर मुलांच्या २.९ पट, आणि बौद्धिक वा मानसिक अपंगत्व असलेल्यांना ४.६ पट, असं त्यात निघालं. हे पालकसभेत फळ्यावर लिहा. नको ते आधीच कोणाला तरी सुचलेलं असतं, ते मुलाला नसतं. आणि ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांना विचारा, मोबाइलचा पासवर्ड कोणी शिकवला हो याला?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नातू ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. बोलता येत नाही, पण त्याला सगळं समजतं. सूनबाई नोकरीनिमित्त मुंबईस, मुलगा शनिवार-रविवार येतो. आजवर त्याचं सगळं मीच केलं. आता माझे गुडघे गेले. गावातलाच २२ वर्षांचा मुलगा मदतीला ठेवला आहे, चांगल्या घरचा आहे. उचलणं, धुणं, कपडे बदलणं तोच करतो. टीव्हीवर सांगतात, मुलांना शिकवा की चड्डीला कोणाला हात लावू देऊ नका. आमच्या नातवाला दिवसातून चार वेळा परक्यानं हात लावल्याशिवाय भागत नाही. त्याला मी काय शिकवू?
(एक आजी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आजी, नमस्कार. ‘त्याला सगळं समजतं’ या तुमच्या वाक्याखाली मी रेघ मारली आहे. निम्मं काम तिथेच झालं.

टीव्हीवरचा नियम तुमच्या नातवासाठी नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. त्याच्यासाठी वेगळा नियम : कारणाशिवाय नाही, सांगितल्याशिवाय नाही, विचारल्याशिवाय नाही. त्याच्या समोर येऊन, डोळ्यांत बघून म्हणायचं, ‘आता चड्डी बदलू?’ आणि थांबायचं. वर बघणं म्हणजे हो, मान फिरवणं म्हणजे नको, असं काही त्याचं असेलच. नसेल तर ठरवा. या मुलांना उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून मनात दहा आकडे मोजा. तो ‘नको’ म्हणाला आणि चड्डी भिजलेली असेल, तर ‘बरं, मी दिवा लावून येते, मग बदलू’ म्हणा. बदलायची तर आहेच, पण त्याचं म्हणणं हवेत गेलं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगते. धुण्याचा, बदलण्याचा क्रम ठरवून टाका आणि तो कोणीही मोडायचा नाही. आधी सांगणं, मग अंगावर टॉवेल, मग कपडा काढणं, ओल्या फडक्यानं पुढून मागे पुसणं, कोरडं करणं, नवा कपडा, ‘झालं’. उघड्या हातानं पुसायचं नाही, फडकं किंवा हातमोजा. त्याचा हात थोडा जरी वळत असेल, तर फडकं त्याच्या मुठीत देऊन तुमच्या आधारानं त्यालाच पुसू द्या. रोज हाच क्रम, सगळ्यांचा हाच. म्हणजे कधी काही निराळं झालं तर ते निराळं आहे हे त्याला कळेल. शब्द नसलेल्या मुलाला ओळखीची खूण द्यायची तर ती अशीच देता येते.

पडवीत किंवा विहिरीवर सगळ्यांसमोर त्याला उघडं करून आंघोळ घालत असाल, तर ते आजपासून बंद करा. कोकणात मी हे फार पाहिलं आहे. ९ वर्षांच्या धडधाकट मुलाला आपण तसं बसवत नाही. ज्याला आपण लाज ठेवलीच नाही, त्याला कोणी उघडं केलं तर गैर वाटेल कसं?

मदतीच्या मुलावर माझा संशय नाही. तुम्हीही घेऊ नका. पण नियम त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर सांगा : कडी लावायची नाही, पडदा पुरेसा आहे. आतमध्ये मोबाइल न्यायचा नाही. मी किंवा घरातलं कोणीही केव्हाही आत येईल. आणि ‘आमचा नातू रोज आम्हाला सगळं सांगतो.’ हे शेवटचं वाक्य मोठ्यानं म्हणा. चांगल्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही.

तो सांगणार कसा? त्याला चित्रांचा बोर्ड असेल. त्यावर काय आहे ते बघा. पाणी, भूक, शू, झोप, टीव्ही, एवढंच असतं बहुतेक. त्यात भर घाला : ‘थांब’, ‘आवडलं नाही’, ‘दुखलं’, ‘एक गोष्ट सांगायची आहे’. शरीराचं चित्र पुढून आणि मागून, सगळ्या अवयवांसकट. शिवाय त्याला हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाचा फोटो, तुमचासुद्धा. रोज एका ठरलेल्या वेळी बोर्ड पुढे ठेवून विचारा, आज कोणी धुतलं, काही वेगळं झालं का. ‘त्यानं काही केलं का?’ असं विचारू नका, नाव आपण सुचवायचं नाही. बहुतेक दिवशी तो टीव्हीवर बोट ठेवेल. ठेवू द्या, सवय राहते.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, ऑटिझम, मोजके शब्द बोलतो. वर्गात पँटमध्ये हात घालतो म्हणून शाळेतून रोज तक्रार येते. घरी मी दोनदा मारलं, उपयोग शून्य. दुसरं म्हणजे एस.टी.त बायकांच्या ओढण्या, पदर पकडतो. गेल्या महिन्यात एका प्रवाशानं त्याच्या कानाखाली मारली. पत्नी म्हणते, आता त्याला बाहेर न्यायचंच नाही. तुम्ही मुलींच्या सुरक्षिततेबद्दल लिहिता, मुलांचं काय करायचं?
(एक वडील, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमचा टोमणा मान्य. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यात लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. मुलग्यांना हे शिकवायचं नसतं, ही समजूत महाग पडते. तुमच्या मुलाच्या बाबतीत दोन्ही बाजू आहेत : त्याला कोणी त्रास देऊ नये आणि त्याच्याकडून कोणाला होऊ नये.

आधी डॉक्टरांकडे जा. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात जांघेत गजकर्ण होतं, घामोळं येतं, चड्डीचं इलॅस्टिक काचतं, लघवीला जळजळ होते. ‘खाज सुटते’ हे वाक्य ज्याच्याकडे नाही तो हातच घालणार. सगळं ठीक निघालं, तर मग हे वयाचं आहे आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न फक्त जागेचा आहे. मारून इच्छा जात नाही, फक्त भीती तिला चिकटते. आणि आरडाओरडा काही मुलांना मजेशीर वाटतो, तो ऐकण्यासाठी ती पुन्हा करतात.

जागा एकच ठरवा : घरचं न्हाणीघर, दार लावून, शाळेतून आल्यावर. दोन खोल्यांच्या घरातही एवढं जमतं. दारावर त्याचं चित्रकार्ड लावा. शाळेचं स्वच्छतागृह ‘खाजगी जागा’ म्हणून चुकूनही शिकवू नका, शिक्षकांनाही तसं सांगा. ते दार कोणीही उघडतं, आणि सार्वजनिक मुतारीत उभं राहायला शिकलेल्या मुलाला हेरणारी माणसं असतात. वर्गात बाईंनी हळू आवाजात एकच वाक्य म्हणायचं, ‘हात बाहेर. ते घरी.’ आणि लगेच हाताला काम द्यायचं. तक्रार कुठल्या तासाला येते ते बघा. बहुधा जिथे हात रिकामे बसतात तिथेच.

ओढणीचं कारण ओढणीतच असणार, बाईत नाही. मऊ, सळसळतं कापड त्याला आवडतं. साटिनचा हातरुमालाएवढा तुकडा शिवून त्याच्या खिशात ठेवा. एस.टी.त तो खिडकीशी, तुम्ही कडेला. उभं राहायची वेळ आली तर त्याचे दोन्ही हात पट्ट्याच्या दांडीवर. घरी एक हात लांब करून ‘एवढं अंतर’ हे मोजायला शिकवा, आईपासूनसुद्धा. चौथीतल्या मुलाला लोकांनी हसून सोडलं असतं. तुमचा मुलगा आता मिसरूड फुटलेला दिसतो आणि ऑटिझम चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. उद्या एखाद्या मुलीच्या पालकांनी तक्रार केली, तर ती नोंदली जाईल आणि तो बाल न्याय मंडळापुढे उभा राहील. घरात कोंडणं हा मात्र उपाय नाही. बाहेर वागायचं ते बाहेरच शिकता येतं. गर्दी नसलेल्या वेळी दोन थांब्यांचा प्रवास, तोही रोज.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. त्याची आंघोळ अजून आई घालत असेल तर ते काम तुम्ही घ्या आणि हळूहळू त्याच्याकडे सोपवा. न्हाणीघरात टप्प्याटप्प्याची चित्रं लावा, प्लॅस्टिक लावून, म्हणजे भिजत नाहीत. ज्याला स्वतःला धुता येतं त्याला धुवायच्या निमित्तानं कोणी हात लावू शकत नाही.

एक पत्र मी छापलेलं नाही. त्या आईशी त्याच संध्याकाळी बोलले. मूल कोण, कुठलं, हे कळेल असं काही छापायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्या पत्राच्या वाटेवर उभे असलेले आणखी पालक हे सदर वाचत असतील. सुट्टीला घरी आलेलं मूल वसतिगृहात परत जायचं नाही म्हणून बॅगेवर बसून राहतं. कपडे बदलू देत नाही. अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत येते. आणि डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणतात, ‘या मुलांचं असंच असतं.’ असंच नसतं. वागणं अचानक बदललं तर अपंगत्वावर ढकलू नका, आधी कारण शोधा.

मुलानं काही सांगितलं, खुणेनं, चित्रावर बोट ठेवून, बाहुलीशी खेळताना, तर चेहरा शांत ठेवा. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही.’ एवढंच. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, आत्यापुढे आणि मामापुढे परत सांगायला लावू नका. त्याच्याच शब्दांत किंवा खुणेत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. प्रकार ताजा असेल तर आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. संशयिताला फोन नाही. संस्थेला ‘खुलासा’ विचारणं नाही. गावकीची बैठक तर नाहीच नाही.

मग १०९८ ही बालकांची हेल्पलाइन, ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर, किंवा जवळचं पोलीस ठाणं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली १८ वर्षांच्या आतलं मूल, मुलगा असो वा मुलगी, येतं. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, माहिती किंवा तसं घडण्याची शंका एवढं पुरे. कळवणं ऐच्छिक नाही. ज्याला कळलं आणि ज्यानं दडवलं त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाचालकाला वर्षापर्यंत. ते पत्र वाचल्यावर हे बंधन माझ्यावरही आलं होतं, म्हणून दोघींनी मिळून कळवलं. मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला गुन्हा या कायद्यात अधिक गंभीर धरला आहे.

पोलीस ठाण्याच्या पायरीची भीती असते, म्हणून तिथले हक्क पाठ करून जा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या, आणि गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मूल बोलत नसेल, तर त्याची भाषा जाणणाऱ्या माणसाची किंवा विशेष शिक्षकाची मदत जबाबासाठी घेता येते, कोर्टातही. कर्णबधिर मुलासाठी दुभाषा संस्थेतलाच कर्मचारी नको, असा आग्रह धरा. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्या सहकाऱ्यासमोर कुठलं मूल हात हलवेल? मुलीची तपासणी महिला डॉक्टर करते, पालकांच्या किंवा मुलीच्या विश्वासातल्या माणसाच्या समोर. कोर्टात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. अत्याचार सोसलेल्यांसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना आहे. तिच्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज होतो, आणि त्याच प्राधिकरणात मोफत वकिलाबद्दलही विचारा.

मूल १८ च्या पुढचं असेल तर? ‘बुद्धीनं ती ६ वर्षांचीच आहे’ असं आपण म्हणतो, पण सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली स्पष्ट केलं की पोक्सोसाठी जन्मतारखेचं वयच धरायचं. तिथे भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात. मदतीचा आणि दुभाष्याचा हक्क तेव्हाही राहतो. म्हणून वय बघून गप्प बसू नका.

प्रश्न : १३ वर्षांच्या मुलीला पाळी सुरू झाली, तिला पॅड सांभाळता येत नाही. जाऊबाई म्हणतात, गर्भपिशवी काढून टाका. काही वाईट घडलं तरी निदान पुढचा धोका नको. योग्य ठरेल का?
(एक आई, सोलापूर)

उत्तर : नाही. ‘काही वाईट घडलं तरी’ हे शब्द पुन्हा वाचा. ते घडू नये याची व्यवस्था न करता फक्त त्याची खूण उरू नये याची व्यवस्था तुम्हाला सुचवली जाते आहे. गर्भपिशवी नसलेल्या मुलीला कोणी हात लावत नाही, असं नाही. उलट अत्याचार उघडकीला यायची एक वाट बंद होते. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या गर्भपिशव्या पुण्यात काढल्या गेल्या, तेव्हा महिला संघटनांनी महाराष्ट्रभर रान उठवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया करता येत नाही. रक्तस्राव फार असेल, फिट्स पाळीच्या सुमारास वाढत असतील, तर त्यावर वेगळे उपचार आहेत, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जरूर जा. पॅड बदलणं शिकवता येतं. चड्डीवर पॅडच्या आकाराची रेघ शिवा, लाल रंगाच्या पाण्यानं सराव घ्या, पाळी नसतानाही. कसं ते गेल्या अंकात सविस्तर आहे. जाऊबाईंना तोच अंक द्या.

प्रश्न : बोलता न येणारी माझी मुलगी शाळेच्या व्हॅननं जाते. कॅमेरा लावा म्हणून आम्ही मागे लागलो आहोत. एवढं पुरे ना?
(एक आई, ठाणे)

उत्तर : कॅमेरा हवाच. बदलापूरच्या २०२४ च्या प्रकारानंतर ते कोणाला पटवून द्यावं लागू नये. पण कॅमेरा झाल्यावर दाखवतो. आधी व्हॅनच्या फेरीचा क्रम मागवून घ्या. सकाळी सर्वांत पहिलं कोण बसतं आणि दुपारी सर्वांत शेवटी कोण उतरतं? तेवढा वेळ ते मूल ड्रायव्हरबरोबर एकटं असतं, आणि शाळा बहुधा लांब राहणारं, कमी बोलणारं, तक्रार न करणारं मूलच तिथे बसवते. ती जागा तुमच्या मुलीची असेल तर बदलून घ्या. व्हॅनमध्ये मावशी असायला हवी, आणि मावशीनं आधी उतरायचं नाही, शेवटचं मूल पालकाच्या हातात देऊनच घरी जायचं. उचलून चढवायचं असेल तर कोण उचलणार, कुठे धरून, हे मावशी, ड्रायव्हर आणि तुम्ही एकदा एकत्र उभं राहून करून बघा. काखेखाली आणि गुडघ्याखाली हात, बस्स. शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या मान्यतेची असली, तर लेखी अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या कार्यालयातही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.